पारिसाअण्णांनी सोडलेला प्रश्न

अन्याय झाला तो कुसुमआक्कांवर. आषाढातल्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या ओसरीवर. वेळ मी इतकी नेमकी सांगते, कारण मी तिथं होते आणि घड्याळाकडं बघत होते. आमच्या बायकांच्या गटानं चालवलेल्या शिवणवर्गाचा तो पहिला दिवस. सतरंजीवर बावीस बायका. मधल्या टेबलावर हिरवा खण पसरलेला आणि त्यावर कात्री घेऊन वाकलेल्या निपाणीच्या कुसुमआक्का. ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जिथं बसते तो गोल, कसा कापायचा ते त्या दाखवत होत्या. कात्री अर्ध्या गोलावर आली होती. तेवढ्यात रस्त्यावरून साड्यांच्या सेलची जाहिरात करणारी रिक्षा आली. कर्ण्यावरचं गाणं मध्येच थांबलं. कुणीतरी माइकवर दोनदा फुंकर मारली आणि अख्ख्या कॅम्पाला ऐकू जाईल असा आवाज आला:

"कुसुम! ए कुसुम! फोन का उचलंनास गं? कुठं हायस?"

कात्री घसरली. मुंढा चार बोटं खोल गेला. हुशार शिंप्यालाही पुन्हा जोडता येणार नाही, असा.

सतरंजीवरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "बाई, किती जीव म्हणायचा!" मी हसले नाही. मी पत्रकं लिहिते. जीव असेल तर तो ज्याचा त्यानं स्वतःच्या अंगात ठेवावा, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

रिक्षातून उतरले ते पारिसाअण्णा, आक्कांचे यजमान. आक्का सकाळच्या बसनं निघाल्या, हे पुढच्या बसनं. आक्कांनी वर्गात फोन बंद ठेवला, एवढाच गुन्हा. बंगला सापडेना म्हणून अण्णांनी रिक्षावाल्याला गाठलं. तो निपाणीचा निघाला. तेवढी ओळख पुरली.

वर्ग चालवणाऱ्या बाईंनी आक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, "आक्का, तुमच्यासारखा हात मला मिळायचा नाही. पण ह्या बायका घरी भांडून इथं येतात. इथं येऊन त्यांनी हेच बघायचं का? पुन्हा असं झालं, तर मला दुसरी शिकवणारी बघावी लागेल."

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीशी, शेजारी अण्णा, मागं मी. आक्कांच्या मांडीवर तो बिघडलेला खण होता. संकेश्वरपर्यंत त्या त्याची घडी घालत आणि मोडत होत्या. मग मागं वळून, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाल्या, "तीस वर्सं झाली. ह्या कात्रीला कुणी धक्का लावला न्हवता."

अण्णा म्हणाले, "पण तू सापडलीस बघ."

अशा माणसाविषयी मी लिहायला बसले आहे. आणि त्यात प्रेमानं लिहिण्याजोगं बरंच काही आहे, याचा मला मनापासून संताप येतो.

मी मूळची बेळगावजवळच्या उचगावची. कामासाठी दोन वर्षं निपाणीत अण्णांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं होते. अण्णांचं बी-बियाण्यांचं दुकान बसस्टँडच्या समोर. दुकानात ते स्टुलावर असे बसत की पाठ गिऱ्हाईकाकडं आणि तोंड स्टँडकडं. अंगानं बारीक, मान लांब, वळायला सोयीची. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि गळ्यात काळ्या दोरीनं बांधलेला फोन. दुसऱ्या माणसाच्या गळ्यात तो ओळखपत्रासारखा दिसला असता. अण्णांच्या गळ्यात तो डॉक्टरच्या नळीसारखा दिसे. घडीघडीला उचलायचे, कानाला लावायचे आणि विचारायचे, "कुठं हायस?"

लोक 'हॅलो' म्हणतात तसं अण्णा 'कुठं हायस' म्हणत. घरातही तेच. हे बाहेर सोप्यात, आक्का स्वयंपाकघरात, मध्ये दाराला पडदासुद्धा नाही.

"कुठं हायस गं?"

"चुलीम्होरं."

"काय करतीयास?"

"तुमास्नी उत्तर देतीया."

यावर अण्णांचं समाधान होई. खरंच होई. चेहरा खुले. पाचेक मिनिटांनी पुन्हा मावळे.

खरं ते सांगायला हवं. अण्णांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. हात उचलायचा तर प्रश्नच नाही. आक्कांना त्यांनी कशाला नको म्हटलं नाही. माहेरी जा, जत्रेला जा, बेळगावला शिकवायला जा. जा म्हणायचे आणि मागून यायचे. म्हणूनच कुणाला ते खटकत नव्हतं. नवरा मारत असता, तर आम्हाला पत्रक काढता आलं असतं. हा नुसता येत होता.

एकदा मी सरळ विचारलं, "अण्णा, तुमचा आक्कांवर विश्वास नाही का?"

ते दुखावले. चष्मा काढून पुसला. "तिच्यावर? लाख हाय! तिच्यावर सोडून बाकी कुणावर न्हाई. बसवर न्हाई, रस्त्यावर न्हाई, लोकांवर तर बिलकूल न्हाई."

"मग बसला फोन करा. लोकांना करा. आक्कांना का?"

"फोन तिच्याकडं हाय न्हवं?" अण्णा म्हणाले. ह्या उत्तरावर काय पत्रक काढायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

'लोक' म्हणजे मुख्यतः एक माणूस होता. कोल्हापूरचा, आक्कांचा शाळेतला वर्गमित्र. त्यानं लग्नात आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. घड्याळ अजून सोप्यात टांगलेलं. दिसायला चांगलं, चालायलाही चांगलं. पण अण्णा दर रविवारी स्टुलावर चढून ते पाच मिनिटं मागं करत. आक्का सोमवारी पुढं करत. मी कारण विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "त्याचं कशाला बरोबर चालू द्यायचं?"

ह्या घड्याळवाल्यावरूनच ते टॉवरचं प्रकरण झालं. आमच्या भागात फोन कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. समोरचा फोन लागला नाही की एक बाई रेकॉर्डवर बोलते. ती कन्नडात बोलली की माणूस अलीकडं, मराठीत बोलली की पलीकडं, असं आमच्याकडं सगळे धरून चालतात. एका दुपारी अण्णांनी दुकानातून घरी फोन लावला आणि बाई मराठीत बोलली. पुन्हा लावला, पुन्हा मराठी. अण्णांनी दुकानाचं शटर ओढलं. बायको हद्दीपार गेली, म्हणजे कागलला गेली. कागलला गेली म्हणजे कोल्हापूरला गेली. आणि कोल्हापुरात तर तो. सीमेचा जो प्रश्न इतकी वर्षं कोर्टात पडून आहे, तो अण्णांनी रेकॉर्डवरच्या एका बाईच्या साक्षीवर अर्ध्या तासात निकालात काढला.

पुढचं मला खुद्द अण्णांनीच सांगितलं, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते कोल्हापुरात त्या माणसाच्या घरी पोचले. दार त्यानंच उघडलं. टक्कल पडलेलं, कडेवर नात, नातीच्या हातात बिस्कीट. त्यानं अण्णांना ओळखलं, आत बोलावलं, चहा दिला.

"घड्याळ चालतंय का अजून?" त्यानं विचारलं.

"मागं पडतंय," अण्णा म्हणाले.

तेवढं बोलून परत आले. आक्का घरातच होत्या. माळ्यावर चढून पितळेचे डबे काढत होत्या. फोन खाली शेवयांच्या परातीजवळ होता आणि त्यानं आपल्या मर्जीनं महाराष्ट्र पकडला होता.

"ती बाई मराठीत बोलली," अण्णा म्हणाले.

"मग मी पण मराठीतच बोलतीया," आक्का म्हणाल्या, "डबं धरा."

ह्या सगळ्यावर मी आमच्या गटाचं एक पत्रक लिहिलं. मथळा होता 'तिचा फोन, तिचा वेळ, तिची वाट'. छापून आल्यावर पहिली प्रत अण्णांच्या हातात दिली. त्यांनी काउंटरवर पसरून, बोट ठेवत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. डोळ्यात पाणी आलं. "लई चांगलं लिवलंयस पोरी," म्हणाले. "कोण गं असतात असली माणसं?" दुसऱ्या दिवसापासून दुकानात भेंडीचं बी आमच्या पत्रकात बांधून मिळू लागलं. प्रसार झाला, हे मान्य करते.

तर मंगळवारी तो खण बिघडला. शुक्रवारच्या वर्गाला अण्णा मागून गेले नाहीत, पण आक्का बसमध्ये असतानाच चौदा फोन झाले. पुढच्या मंगळवारी वर्गाच्या दारात उभ्या राहून आक्कांनी फोन तीनदा बंद केला आणि तीनदा चालू केला, असं बाईंनी मला सांगितलं. त्याच हातानं कात्री धरायची. वर्ग चार महिन्यांचा होता. असं चाललं तर तो महिनाभरही टिकणार नव्हता, हे आक्कांना कळलं होतं. मलाही. फक्त मला उपाय म्हणून दुसरं पत्रक सुचत होतं. आक्कांना दुसरंच सुचलं.

त्या वर्षी निपाणीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका साध्वी माताजींचा चातुर्मास होता. चातुर्मासाच्या सुरुवातीला श्रावक-श्राविका त्यांच्यासमोर श्रीफळ ठेवून काहीतरी सोडायचा नियम घेतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी तूप, कुणी तंबाखू. चारचौघांत घेतलेला नियम मोडायचा नसतो. अण्णांचे नियम गावात प्रसिद्ध होते. एका वर्षी त्यांनी चातुर्मासात फणस सोडला होता. चातुर्मासात फणस मिळत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी समुद्रस्नान सोडलं.

मी जैन नाही, पण आक्का म्हणाल्या "चल", म्हणून बायकांच्या बाजूला जाऊन बसले होते. अण्णांची पाळी आली.

"पारिसा, यंदा काय सोडणार?" माताजींनी विचारलं.

"पडवळ, माताजी," अण्णा हात जोडून म्हणाले.

बायकांच्या बाजूनं आवाज आला. चढा नाही, पण स्वच्छ. "माताजी, पडवळ त्यांनी लग्नापासनं खाल्लेलं न्हाई."

पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. माताजी हसल्या नाहीत. त्यांनी आक्कांकडं बघितलं. "मग काय सोडू देत?"

आक्का उभ्या राहिल्या. पदर सावरला. मला वाटलं, आता त्या तंबाखू म्हणतील, नाहीतर चहा.

"एक प्रश्न सोडू देत, माताजी. 'कुठं हायस' म्हणून."

अण्णांची लांब मान टोपीसकट हळूहळू बायकांच्या बाजूला वळली. ह्यात दुष्टावा कुठं आहे, ते शोधत असल्यासारखी.

"चांगलं आहे," माताजी म्हणाल्या. "हा वाणीचा संयम. चार महिने."

"दिसातनं एकदा चालंल का?" अण्णा.

"नाही."

"अडचणीच्या वेळंला?"

"अडचण कुणाची?"

अण्णांनी श्रीफळ ठेवलं. लग्नाच्या पंचवीस वर्षांत जे कुणाला जमलं नव्हतं, ते आक्कांनी एका वाक्यात केलं, आणि एकही पत्रक न छापता. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर आक्कांनी त्या बिघडलेल्या हिरव्या खणाची फोनसाठी पिशवी शिवली, गळ्यात अडकवायची. तोंडाला दोन घट्ट बटणं. "एक बटण काढताना इचार करायचा," नवऱ्याच्या गळ्यात घालताना त्या म्हणाल्या, "दुसरं काढताना सोडून द्यायचं."

नियम घेतला, पण स्वभाव कुठं सोडला होता? दुसऱ्याच दिवसापासून अण्णांनी पळवाटा काढल्या. "जेवलीस का?" हे साधं. "पाऊस हाय का तिकडं?" हे थोडं वरचं, कारण हवेवरून ते तालुका ओळखत. मग "डाव्या हाताला काय दिसतंय?" मग "वास कशाचा येतोय गं?" हत्तरगीच्या टोलनाक्यावर भुईमुगाच्या शेंगा भाजतात, हे त्यांना माहीत. आक्का म्हणायच्या, "जेवले. पाऊस न्हाई. डाव्या हाताला एक बाई बसलीया, तिला पण असलाच नवरा हाय."

मग त्यांनी मला गाठलं. "पोरी, तू इचार की तिला. तुला कुठं नियम हाय?"

"मी नाही विचारणार."

"बरं, कंडक्टरला फोन लाव."

हे प्रकरण बस्तीच्या पुजाऱ्यांच्या, उपाध्ये आप्पांच्या, कानावर गेलं. ते एका संध्याकाळी दुकानात येऊन बसले आणि त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. "पारिसा, नियम तीन परीनं मोडतो. सोता केलं तरी मोडला. दुसऱ्याकडनं करवून घेतलं तरी मोडला. आन दुसऱ्यानं आपणहून केलं आणि तुला बरं वाटलं, तरी मोडला. कृत, कारित, अनुमोदना."

"बरं वाटलं तरी?" अण्णा घाबरे झाले.

"तरी."

"आन नुसतं मनात आलं तर?"

"मनाचं खातं तर सगळ्यात वरचं," म्हणून उपाध्ये आप्पा भेंडीचं बी घेऊन निघून गेले.

त्या दिवसापासून अण्णांची जी दशा झाली ती बघण्यासारखी होती. बेळगावची बस स्टँडमध्ये शिरली की ते तोंड फिरवून गिऱ्हाईकाकडं बघत. गिऱ्हाइकं चपापत. इतक्या वर्षांत त्यांनी अण्णांचं तोंड पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं.

इथं एक गोष्ट लपवली तर मी दुसऱ्यांना काय सांगणार. एका दुपारी मी दुकानात बसून फोन बघत होते. नकाशावर एक निळं टिंब होतं. अण्णांनी मान लांबवली.

"हे काय गं?"

"अभय." अभय म्हणजे माझा मित्र. कॅम्पातल्या एका शाळेत शिकवतो. लग्न करायचं आमचं ठरलेलं आहे.

"त्यो हलतोय?"

"घरी चाललाय. आम्ही एकमेकांचं ठिकाण बघतो. सुरक्षिततेसाठी."

अण्णांनी ते टिंब बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असूया होती, खरीखुरी असूया. आयुष्यभर विहीर खणणाऱ्यानं दुसऱ्याचा नळ बघावा तशी. "म्हंजे इचारायचंच न्हाई," ते म्हणाले. "आणि हे तुझ्या त्या पत्रकात न्हाई आलं ते?"

"ते वेगळं आहे, अण्णा."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले. "माझा त्यो संशय. तुझी ती सुरक्षितता."

मी फोन पालथा ठेवला.

भाद्रपदातल्या एका शुक्रवारची गोष्ट. अण्णा-आक्का दोघंही दिवस मावळायच्या आत जेवणारे. चातुर्मासात तर काटेकोर. आक्कांचा वर्ग तीनला सुटे, सव्वापाचपर्यंत त्या घरी येत, आणि सूर्य असेतो दोघं समोरासमोर बसून जेवत. त्या दिवशी सव्वापाच झाले, साडेपाच झाले, आक्का आल्या नाहीत. अण्णांनी दोन ताटं मांडली आणि दारात स्टूल टाकून बसले. गळ्यात हिरवी पिशवी. दोन्ही बटणं लावलेली.

सहा वाजले. शेजारच्या सुलोचनाकाकू आल्या. "अण्णा, फोन तर लावा."

"लावला. बंद हाय."

"मग दुसऱ्या कुणाला लावा. वर्गाच्या बाईंना लावा. इचारा की!"

"काय इचारू?" अण्णा म्हणाले. "इचारायचं तेवढंच तर सोडलंय."

हळूहळू गल्ली जमली. कुणाला काळजी होती, कुणाला अण्णा मोडतात का ते बघायचं होतं. दोन्ही मिळून गर्दी चांगली झाली. उपाध्ये आप्पा पण येऊन कट्ट्यावर बसले. ते परीक्षेला बसलेल्या पोराचे मास्तर आल्यासारखे दिसत होते. मी जिन्यावर उभी होते, आणि खरं सांगायचं तर मलाच राहवत नव्हतं. वंटमुरीचा घाट, पावसाळी रस्ता, काहीही असू शकतं. मी फोन काढला. वर्गाच्या बाईंचा नंबर लावणार, तोच अण्णांनी हात वर केला.

"नको पोरी."

"अण्णा, मी माझ्या मनानं विचारतेय. तुमचा काय संबंध?"

"तू इचारलंस की मला बरं वाटंल," अण्णा म्हणाले. "आन बरं वाटलं की मोडला."

मी फोन खिशात घातला. असा प्रतिवाद मला आजवर कुणी केलेला नाही.

सूर्य खाली गेला. अण्णा उठले, आत गेले, दोन्ही ताटांवर ताटं झाकली आणि परत येऊन बसले. आता दोघांनाही सकाळपर्यंत उपास. कुणी हसलं नाही. अण्णा दोन्ही हातांनी ती पिशवी धरून बसले होते, पाखरू धरावं तशी. त्यांच्या ओठांची हालचाल मी बघितली. नवकार मंत्र म्हणत होते की तो प्रश्न गिळत होते, सांगता यायचं नाही.

सात वाजून गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी आक्का दिसल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चप्पल. चपलेचा अंगठा तुटलेला. गल्लीनं वाट दिली. अण्णा उभे राहिले. आक्का समोर येऊन थांबल्या. अण्णांनी तोंड उघडलं. उपाध्ये आप्पा कट्ट्यावरून अर्धे उठले.

"आलीस," अण्णा म्हणाले. प्रश्नही नाही. नुसतं, आलीस.

उपाध्ये आप्पा खाली बसले.

आणि मग जे झालं ते मी दोन वर्षांत त्या घरात पाहिलं नव्हतं. आक्का पायरीवर टेकल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. बस घाटात बंद पडली. ड्रायव्हरनं आधी कन्नडात शिव्या दिल्या, मग मराठीत. फोन कधी बंद पडला कळलंच नाही. दुसरी बस आली ती खच्चून भरलेली, त्यात आक्कांना बसायला इंजिनाजवळ गरम जागा मिळाली. शेजारच्या बाईचं पोर त्यांच्या मांडीवर झोपलं. वर्गातल्या एका पोरीनं आज पहिल्यांदा एकटीनं मुंढा कापला आणि तो इतका गोल आला की सगळ्यांनी तिला उभं करून टाळ्या वाजवल्या. हे सगळं त्यांनी कितीतरी वेळ सांगितलं. अण्णा स्टुलावर बसून ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी काही विचारलं नाही. आक्का मात्र दोनदा म्हणाल्या, "ऐकताय न्हवं?"

गल्ली पांगली. सुलोचनाकाकू जाताना डोळे पुसत म्हणाल्या, "बघ, किती जीव!" ह्याला माझा जाहीर विरोध आहे. ही प्रेमाची गोष्ट म्हणून कुणी सांगत असेल, तर त्यानं आधी हे सांगावं की ह्या बाईला नुसतं आपलं आपण बोलायला पंचवीस वर्षं, एक बिघडलेला खण आणि एक जाहीर सभा लागली.

वर्ग चार महिने पूर्ण झाला. बाईंनी आक्कांना पुढच्या वर्गासाठीही बोलावलं. दिवाळीला चातुर्मास संपला आणि अण्णांचा नियमही. आता ते मोकळे होते. त्याच आठवड्यात मी निपाणी सोडली. सामान आधीच गेलेलं. मंगळवारी सकाळी आक्कांबरोबर मी बेळगावच्या बसमध्ये बसले, त्या पुढच्या वर्गाला आणि मी कायमची.

अण्णा खिडकीखाली उभे होते. एक हात गजावर. गळ्यात हिरवी पिशवी. नियम सुटला तरी त्यांनी ती काढली नव्हती. मला म्हणाले, "पत्रकं पाठव गं. कागद चांगला असतोय." आक्कांना काहीच म्हणाले नाहीत. बस हलली. ते थोडं अंतर बसबरोबर चालले, मग थांबले. मान लांब करून उभे राहिलेले, टोपी थोडी वाकडी. तेच मी त्यांना शेवटचं पाहिलं.

तवंदी घाट चढताना आक्कांचा फोन वाजला. पडद्यावर अण्णा. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या मनात संतापाचा पहिला परिच्छेद तयारच होता. आक्कांनी फोन उचलला, आणि इंजिनाच्या आवाजातही ऐकू येईल असा अण्णांचा आवाज आला:

"मी दुकानात हाय गं. ठेवतो."

ठेवला. आक्का फोनकडं बघत राहिल्या. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "मी इचारलं होतं व्हय?" आणि संकेश्वरपर्यंत अधूनमधून त्यांचे खांदे हसण्यानं हलत राहिले.

संकेश्वरला मी माझा फोन काढला आणि अभयचं निळं टिंब बंद केलं. माझं त्याला दिसायचं तेही. मग त्याला फोन करून सांगितलं की मी बसमध्ये आहे, दहापर्यंत पोचेन.

आता तुम्ही. हे वाचणारे, तुम्हीच. तुमच्या फोनमध्ये आत्ता कुणाचं तरी ठिकाण दिसत असेल, किंवा कुणाला तरी तुम्ही आज तिसऱ्यांदा 'कुठं आहेस' म्हणून विचारलं असेल. ते टिंब बंद करा. तो फोन करायचाच असेल, तर करा, आणि तुम्ही स्वतः कुठं आहात तेवढं सांगून ठेवा. मग गप्प बसून थांबा. उद्या नको. हा कागद खाली ठेवायच्या आत.